गोणपाटात गुंडाळलेलं लोखंड

पांढुर्ण्याला माझं दुकान होतं तेव्हा पाटीवर 'नळ फिटिंग व पंप दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं असे. पण जुनं लोखंड ओळखण्यात माझा हात धरणारा तिगावपासून सौंसरपर्यंत कोणी नव्हता. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट पाहत बसलो तर हा दिवाळी अंक पुढच्या वर्षी निघेल.

लोकांना वाटतं, नळवाल्याचं काम म्हणजे पाना फिरवणं. पाना कोणीही फिरवतो. जमिनीखाली आणि भिंतीच्या आत, जिथे डोळा पोचत नाही तिथे काय चाललंय हे समजणं, हे खरं काम. त्यासाठी मी एक साधी गोष्ट करायचो. पान्याचं एक टोक पाइपाला लावायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. लोखंड बोलतं. गळती असली तर सूं आवाज येतो, हवा अडकली असली तर गुडगुड होते. सौंसरला एका लग्नघरी मांडव पडलेला, पंगती बसायच्या बेतात आणि टाकीतलं पाणी खाली येईना. माझ्या आधी आलेल्या दोघांनी अंगण उकरून ठेवलं होतं. मी तिसरा. पाना कानाला लावून भिंतीच्या कडेकडेने चालत गेलो, एका जागी बोट ठेवलं आणि म्हटलं, इथला वॉल उलटा बसलाय. वॉल म्हणजे व्हॉल्व्ह; त्याच्या अंगावर बाण असतो, पाण्याने कुठे जायचं ते दाखवणारा. तो बाण टाकीकडे तोंड करून बसला होता. दहा मिनिटांत पाणी आलं. त्या घरचे लोक आजही दिसलो की जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

ओळखण्याची हौस एकदा अंगाशीही आली. लोधीखेड्याच्या एका सद्गृहस्थांनी बैठकीतल्या काचेच्या कपाटात तांब्याचा एक पोकळ गोळा मखमलीवर ठेवला होता. पणजोबांना कुठल्याशा राजाने दरबारात दिलेला, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. त्या दिवशी व्याही बसलेले होते. मी बेसिनचा नळ बदलायला गेलेलो. गोळा पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "अरे वा, जुन्या टाकीचा तरंगा! आता असा मिळत नाही." टाकी भरली की जो गोळा तरंगून वर येतो आणि नळ बंद करतो, तोच तो. पुन्हा त्या घरी मला बोलावणं आलं नाही. तेव्हापासून मी ठरवलं, विचारल्याशिवाय कोणाला काही ओळखून द्यायचं नाही, आणि विचारलं तरी चहा पिऊन झाल्यावर.

अशा या शहाण्या माणसाचं नाक कसं कापलं गेलं आणि ते पुन्हा जागेवर कसं बसलं, ती हकीकत आता सांगतो.

दुकान मुलाच्या हवाली करून मला चार वर्षं झाली होती. सवयीने मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून असायचो. पोळा नुकताच झाला होता. सकाळीच एक ऑटो दुकानापुढे थांबला. त्यातून साठी उलटलेल्या एक बारीकशा बाई उतरल्या. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. मागून चाळिशीचा एक तगडा गृहस्थ बटाट्याचं नायलॉनचं पोतं दोन्ही हातांनी पोटाशी धरून उतरला.

"मनोहर मिस्त्री तुमीच ना?" बाईंनी विचारलं. "मी शकुंतला. लोधीखेड्याच्या शाळेत मास्तरीण होती, आता रिटायर झाली. हा माह्या भावाचा पोरगा, नरेश. आमचं रामाकोन्याजवळ वावर हाय, तिथी हे निंगालं. तुमी लोखंड ओळखता म्हनतात. पाहा बरं."

चहा मागवला. बाईंनी सगळं सांगितलं. रामाकोन्याच्या पुढे एका टेकाडावर त्यांचं शेतातलं घर होतं. त्या सहा वर्षांच्या असताना वडिलांना लोधीखेड्यात नोकरी लागली आणि घर सुटलं ते सुटलंच. भिंती पडल्या, छपराचे कवेलू गेले, आता फक्त दगडी जोतं आणि भिंतीचा एक तुकडा उभा होता. यजमान वारले, मूलबाळ नाही. नोकरीभर बाईंच्या मनात एकच होतं, रिटायर झाल्यावर त्या जोत्यावर दोन खोल्या बांधायच्या आणि उरलेले दिवस तिथे काढायचे. पण टेकाडावर पाणी नाही. तीन बोअर मारले, तिन्हीतून नुसता धुळीचा भुरका उडाला. वीजही तिथवर गेलेली नाही. जमीन बाईंच्या आणि पुतण्यांच्या नावे सामाईक. पुतण्यांनी गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. बाईंची सही तेवढी बाकी होती.

"दसऱ्यापर्यंतचा टाइम मांगला मी," बाई म्हणाल्या. "पानी लागलं तं बांधीन. नाई लागलं तं सही करून देईन. जबान देल्ली हाय."

नरेश वाईट माणूस नव्हता. त्याने खाली मान घालून म्हटलं, "आत्याबाई, मी काई जबरदस्ती करून नाई राहिलो. पन पान्याशिवाय तिथी एकटी बाई राहीन कशी, तुमीच सांगा काका."

जोत्याची मापं घ्यायला म्हणून झाडझुडूप साफ करताना एका कोपऱ्यात फरशीखाली खड्डा निघाला आणि त्यात हे लोखंड. मी पोतं उलटं केलं. चार मोठे नग होते. एक पितळी टोटी. एक भोकाभोकांची पितळी जाळी, तांब्याएवढी. एक ओतीव लोखंडाची घंटा, आतून पोकळ, घागरीएवढी आणि भलती जड. आणि चौथा नग म्हणजे वाकड्या मानेचं एक बसकट धूड, खाली चार भोकं, अंगात दोन पितळी झडपा. सगळ्यावर काळपट तांबडी पापडी.

मी वेळ घालवला नाही. गिऱ्हाइकापुढे वेळ घालवला तर मिस्त्री कसला? "ही टोटी," मी म्हटलं. "ही फुटवालची जाळी. पंपाचं जे टोक विहिरीत बुडालेलं असतं ना, त्याला कचरा अडवायला असते. ही घंटा पंपाचं हवेचं भांडं. आणि हे धूड म्हणजे पंपाचं बूड. बाई, तुमच्या घराजवळ विहीर होती. बुजली असेल. शोधा म्हणजे सापडेल."

"विहीर?" बाईंचा चेहरा उजळला, मग जरा बारीक झाला. "मले विहीर काई याद येत नाई, मिस्त्री. हे गोनपाटात गुंडाळून ठेवलं होतं. हात लावला तं भुगा झाला गोनपाटाचा. मी लहान होती. मले त्या घरचं एकच याद हाय. दुपारच्यानं आबाजीच्या, म्हंजे माह्या आजाच्या, लोखंडी पलंगावर, त्याइच्या छातीवर डोकं ठेवून झोपो मी. आबाजीचं काळीज असं वाजे, ठक, ठक, ठक. इतकं जोरात, का मले वाटे सगळ्याइच्याच आबाजीचं असंच वाजते."

"बरं, बरं," मी म्हटलं, "उद्यापासून खोदायला माणसं लावा."

त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

गणपतीचे दिवस होते. शेजारच्या वावराचा धनराज नावाचा शेतकरी दोन गडी घेऊन आला. मी जोत्याभोवती चालून, जमिनीचा उतार पाहून, जाणकाराच्या थाटात जागा दाखवली. तिथे मुरूम लागला. दुसरी दाखवली, तिथे काळा खडक. चार दिवस खोदलं. पाचव्या दिवशी धनराज कुदळीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मिस्त्री, आमच्या बापाची सारी जिनगानी याच बांधावर गेली. इथी विहीर होती असं त्यानं कधी सांगतलं नाई बाप्पा."

नरेशने माझ्या डोक्यावर छत्री धरली. "काका, धूप लय हाय. तुमचं वय झालं. ऱ्हाऊ द्या आता."

चाळीस वर्षांत मला कोणी छत्री धरली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र खोदलेल्या खड्ड्यांकडे पाहत जोत्यावर बसून होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "ते लोखंड तुमच्याजवळच ठेवा. भंगारात नका जाऊ देऊ." मी त्यांची आशा वाढवून ठेवली होती आणि तीच माझ्या हाताने मोडली होती.

मग पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी खरेदी-विक्रीचा कागद करत नाही, त्यामुळे गिऱ्हाईकही गप्प होतं. मी घरी अंगणात ते चार नग मांडून बसलो. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन पापडी खरवडू लागलो. पहिल्या तासातच हात थांबला. तो सगळा गंज नव्हताच. वर गंज होता, पण खाली वाळलेल्या तेलाचा पातळ थर होता. नखाने काढून चोळला, वास घेतला. जवसाचं तेल. त्या थरात गोणपाटाची वीण जशीच्या तशी उमटलेली. आट्यांवर तर तेल इतकं दाट होतं की आतला आटा नुकता पाडल्यासारखा चकाकत होता.

बायको शेजारी तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, "अगं, भंगार कोणी तेल लावून ठेवतं का?"

"त्या मास्तरीनबाईनं सांगतलं ना तुमाले, का गोनपाटात होतं?" सूप खाली न ठेवता ती म्हणाली. "तुमी जन्मात कोनाचं पूर्ण आयकलं हाय का?"

खरं होतं. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, फरशीखाली कोरड्या जागी कोण काय ठेवतो? जे पुन्हा बसवायचं आहे ते. म्हणजे हे लोखंड त्या जागेचं नव्हतंच. कुठूनतरी काढून तिथे आणून ठेवलेलं होतं. आणि मी शहाणा, जिथे सापडलं तिथेच विहीर शोधत बसलो!

आता मी त्या धुडाकडे नव्याने पाहिलं. पंपाला हँडल लागतं, नाहीतर पट्ट्याची पुली लागते. याला दोन्ही नव्हतं, आणि कधी असल्याची खूणही नव्हती. मग हा पंप चालवत कोण होतं? बाहेरची पितळी झडप उचलून पाहिली. छिन्नीचं डोकं हातोडीने ठोकून ठोकून जसं पसरतं, कडेने फुटून खाली वळतं, तशी त्या झडपेची कड वळलेली होती. पाणी वाहून झडप घासते, अशी ठेचली जात नाही. ही झडप कोणीतरी लाखो वेळा आपटली होती.

आणि मला माझे गुरू आठवले. मारोतराव मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. ते एकदा पानाला चुना लावता लावता म्हणाले होते, "पानी चढवाले ना बैल लागे ना इंजन, असा एक पंप असते बरं. त्याले ठोक्या म्हनत. आता कुठी राहिले?" पुस्तकात त्याला हायड्रॉलिक रॅम म्हणतात. मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

वाचकांसाठी सोपं करून सांगतो. जोरात चाललेला नळ एकदम बंद करा, भिंतीतला पाइप धाड करून वाजतो ना? धावतं पाणी अचानक अडलं की असा धक्का मारतं. ठोक्या त्या धक्क्यावरच चालतो. नाल्याचं पाणी जाड पाइपातून उतारावर धावत येतं आणि बाहेरच्या झडपेतून वाहून जातं. धाव वाढली की त्याच पाण्याच्या जोराने झडप ठक करून बंद होते. अडलेलं पाणी धक्का मारून आतल्या झडपेतून घंटेत घुसतं. घंटेतली हवा दबते आणि त्यातलं पाणी बारीक पाइपातून वर ढकलते. जोर ओसरला की बाहेरची झडप आपल्या वजनाने पडते आणि पुन्हा पहिल्यापासून. दहा बादल्या वाहून जातात तेव्हा एखादी वर चढते. पण ती दिवसरात्र चढत राहते, माणूस झोपला तरी.

मिनिटाला चाळीस-पन्नास ठोके. ठक, ठक, ठक.

ब्रश खाली टाकला. लगेच बाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्या आबाजींचा तो लोखंडी पलंग कुठे असायचा?"

"भिंतीले लागून. काऊन?"

"त्या भिंतीला बाहेरून काही होतं?"

 "टोटी होती बाहेरून. आई तिथी भांडे घासे."

मी काही न सांगता फोन ठेवला. एकदा तोंडघशी पडलेला माणूस जपून बोलतो. पण मी पान्याने लोखंड ऐकत आलो तो माणूस. नाल्यातला ठोका लोखंडी पाइपातून टेकाडावर, पाइपातून भिंतीत, भिंतीतून पलंगात कसा जाईल, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्या धुडाच्या बुडाला काजळी फासली, जुन्या वर्तमानपत्रावर त्याचा छाप घेतला आणि घडी करून खिशात घातला. धनराजला घेऊन टेकाडाच्या मागच्या नाल्यात उतरलो. वर खडकाची एक उंच पायरी होती आणि तिच्यावरून पाणी पडत होतं. धनराज म्हणाला, "हा झिरा हाय मिस्त्री. जेठातबी मनगटाएवढी धार राहते." त्या पायरीच्या खाली, वीस-पंचवीस पावलांवर, कातळाला सपाट केल्यासारखी एक जागा दिसली. त्यावरचा गाळ फावड्याने ओढला. चार लोखंडी खुंट निघाले, गंजून बोटाएवढे झालेले, बुडाशी शिसं ओतून कातळात बसवलेले. मी खिशातला कागद काढला, उलगडला आणि त्या खुंटांवर धरला. चारी भोकं चारी खुंटांवर आली.

त्या वयात मी नाल्याच्या पाण्यात उभा राहून आरोळी ठोकली. धनराजला वाटलं मला साप चावला.

सगळं आता उलगडलं. दर पावसाळ्याच्या तोंडी हा ठोक्या सोडवून घरी नेत असणार, नाहीतर पुरात वाहून गेला असता. तेल लावून ठेवायचा आणि पूर ओसरला की पुन्हा बसवायचा. त्या साली बाईंच्या वडिलांनी काढून ठेवला आणि नोकरी लागून ते गेले. परत बसवायला कोणी आलंच नाही.

बाईंना जागेवर बोलावून सगळं सांगितलं, फक्त आबाजींच्या काळजाचं सोडून. ते त्यांना आपल्या कानांनी कळावं असं वाटलं. नरेश म्हणाला, "पन काका, पितृपक्षात नवीन काम कसं सुरू करनार?"

"नवीन कायचं?" बाई म्हणाल्या. "आबाजीचंच काम अर्धं राहून गेलं होतं."

 दुसऱ्या दिवशी नरेशच स्वतः घमेलं घेऊन हजर होता.

आम्ही कामाला लागलो. पायरीवर जुना दगडी हौद गाळाने भरलेला होता, तो उपसला. कातळात नवे बोल्ट भरले. आतल्या झडपेचं चामडं कुजलं होतं, ते पांढुर्ण्याच्या एका चांभाराकडून कापून घेतलं. बाहेरच्या झडपेची फुटलेली कड मी स्वतः कानशीने बसून घासली, दोन दिवस. सांधे सूत आणि सफेदा लावून आवळले, मारोतरावांनी शिकवलं तसे. जुने पाइप केव्हाच नाहीसे झाले होते; वर जाणाऱ्या नव्या पाइपावरून मात्र वाद झाला. नरेश म्हणाला, काळा प्लॅस्टिकचा पाइप टाकू, हलका आणि स्वस्त. मी अडून बसलो. लोखंडीच हवा.

"काऊन पन?"

"प्लॅस्टिक मुकं असतं," मी म्हटलं.

त्याला वाटलं म्हातारा भ्रमला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री म्हनतात तसंच करू." जो भिंतीचा तुकडा उभा होता त्याच्याच कडेने, जुन्या जागी, मी तो पाइप वर घेतला आणि टोकाला ती जुनी पितळी टोटी चिंचेने घासून बसवली.

दसरा उजाडला. दरवर्षी घरी पाना आणि आटे पाडायचा साचा पाटावर ठेवून पूजा करतो. त्या वर्षी पाना नाल्यातच होता, म्हणून बाईंनी ठोक्यालाच हळदकुंकू वाहिलं. नरेशच्या पिशवीत सहीचे कागद होते. त्याने ते लपवले नव्हते आणि बाईंनीही त्यांच्याकडे पाहायचं टाळलं नव्हतं. बाई वर जोत्यावर जाऊन टोटीपाशी बसल्या. नरेशही वर गेला. खाली मी आणि धनराज.

हौदाची खुंटी काढली. पाणी जाड पाइपातून धावलं, झडप ठक करून बंद झाली आणि तशीच बंद राहिली. सुरुवातीला ती हाताने दाबून उघडावी लागते. दाबली. ठक. पुन्हा दाबली. ठक. वीस वेळा, तीस वेळा. हात काढला की ठोक्या मुका. माझं बोट चिरलं. वरून नरेशची हाक आली, "काका, होऊन राहिलं का?"  गणपतीत धरलेली ती छत्री मला डोक्यावर जाणवत होती.

मग लक्षात आलं. इतक्या वेळ खटपट करताना घंटा पाण्याने गच्च भरली होती. आत हवाच नव्हती, तर पाण्याला ढकलणार कोण? पाणी बंद केलं, घंटा रिकामी केली, पुन्हा आवळली. झडप उचलायलाही हलकी वाटत होती, तिच्या दांडीला दोन नट जास्तीचे घातले. पुन्हा पाणी सोडलं. दाबलं. ठक. दाबलं. ठक. हात काढला.

ठक.

धनराजने माझा दंड धरला. ठक. ठक. ठक. आमच्या दोघांच्या मध्ये ते धूड आपलं आपण चालत होतं, दर ठोक्याला पाण्याचा एक फवारा टाकत. त्या झडपेला असं आपटताना मी पहिल्यांदा पाहत होतो आणि असं वाटलं, मारोतराव असायला हवे होते.

गुडघे दुखतात हे विसरून मी टेकाड चढलो. वर पाणी अजून पोचलं नव्हतं. नरेश टोटीखाली बादली धरून वाकला होता. आणि बाई, चष्मा काढून, डोळे मिटून, त्या भिंतीपाशी बसल्या होत्या. कान लोखंडी पाइपाला लावलेला. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

थोड्या वेळाने टोटी खोकली. हवा आली, मग लाल गढूळ पाण्याची चूळ, मग ठोक्याठोक्याला उसळणारी बारीक धार, आणि बघता बघता ती नितळ झाली. नरेशने ओंजळ भरली, स्वतः न पिता आत्याबाईंपुढे धरली. धनराज खालून ओरडत विचारत होता, "आलं का? आलं का?" आणि वरून आम्ही तिघांनी एकदम ओरडून सांगितलं, आलं म्हणून. आपट्याची पानं वाटायचं कोणाला सुचलंच नाही. नरेशने ते कागद पिशवीतून काढले आणि बाईंच्या हाती दिले. बाईंनी त्यावर ओली बादली ठेवली.

कोणी म्हणेल, नाल्याला सोलरचा पंप लावला असता तरी झालं असतं. लावा की. मी अडवलेलं नाही. बाईंच्या दोन खोल्या आता उभ्या आहेत, पुढे संत्र्याची वीस कलमं आहेत आणि नरेश महिन्यातून दोनदा मुलांना घेऊन मुक्कामाला येतो. दर मिरगाच्या आधी मी जाऊन ठोक्या सोडवतो, जवसाचं तेल लावतो आणि गोणपाटात गुंडाळतो. गोणपाटाला मी आता पत्र्याची एक चिठ्ठी बांधतो. तिच्यावर खिळ्याने कोरलं आहे की हे काय आहे आणि नाल्यात कुठे बसतं. पुढच्या मिस्त्रीला चार दिवस खड्डे खोदावे लागू नयेत.

पण त्या दसऱ्याची एक गोष्ट सांगायची राहिली. धार नितळ झाल्यावर नरेश खाली धनराजला मिठी मारायला धावला. बाई अजून पाइपाला कान लावून होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, हेच ते. आबाजीचं काळीज."

"हो बाई. पलंग भिंतीला होता. पाइपातून यायचं."

"आबाजी चैतात गेले," त्या म्हणाल्या. "दुपारी. सारे रडत होते. मी पलंगावर चढली, छातीवर डोकं ठेवलं, तं वाजून राहिलं होतं. ठक, ठक. मी सगळ्याइले वरडून सांगतलं, आबाजी गेले नाई, काळीज चालू हाय, आयका ना! कोनी आयकलं नाई. मले वढून नेलं. पोरीले भरम झाला म्हने. मोठी झाल्यावर मलेबी तसंच वाटाले लागलं." त्यांनी पाइपावरून हात फिरवला. "मी खोटं नव्हती ना बोलत, मिस्त्री?"

मी त्यांच्या शेजारी जोत्यावर बसलो आणि दुसऱ्या बाजूने पाइपाला कान लावला.

"नाही बाई," मी म्हटलं. "चालूच होतं."